शटर बंद, पाणी चालू : सरबताच्या युनिटमध्ये रात्रीतून तळं झालं

आगळवाला | सोमवार, सकाळी ११:२०

मंडळी, सिंधुदुर्गात आमचं छोटं युनिट आहे. कोकम सरबत, अमृत कोकम, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), उन्हाळ्यात थोडं पन्हं. कामाला चार जणी, दोघे गडी, शिवाय मी आणि बायको. काल रविवारची सुट्टी होती. आज सातला शटर वर केलं तर आत तळं. चाळीस बाय वीसचा हॉल, पाणी बरोबर तीन इंच. तीनच का, तर उंबरठा तीन इंचाचा आहे. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून मीच हौसेनं बांधून घेतला होता. त्याने आतलं पाणी बाहेर जाऊ दिलं नाही. वरचं तेवढं शटरखालून वाहून गेलं.

साखरेच्या पोत्यांचा खालचा थर गेला, ११ पोती. घडी केलेले दीडेक हजार खोके लगदा झाले. लेबलांची रिळं फुगली. बुचं लावायच्या मशीनची मोटर जमिनीलगत होती, तीही भिजली. गटाराच्या जाळीवर कोकमाची सालं आणि लेबलांचे कपटे बसले होते, म्हणून गटारातून थेंब गेला नाही.

कारण सापडलं: प्रेशर पंपाकडून सरबत मिसळायच्या टाकीकडे जाणाऱ्या ४० एमएमच्या पीव्हीसी लाइनचा, तीन वर्षांपूर्वी जोडलेला एल्बो (कोपऱ्याचा जोड) निखळला. प्लंबर म्हणतो पाइप चिकटवायचं सोल्यूशन हलकं होतं, दुकानदार म्हणतो प्लंबर हलका होता. गणपतीला महिना राहिलाय. चाकरमानी परत जाताना पेट्याच्या पेट्या नेतात, तेव्हा माझा वर्षाचा हिशेब बसतो.

विचारायचंय ते असं: सगळी लाइन स्टीलची करून टाकू का? आणि भिजलेल्या साखरेचा पाक करून वापरता येईल का?

---

मिरजेची_मावशी | सोमवार, ११:४१

अरे देवा. आधी हे सांगा, त्या पाण्यात तुम्ही तसेच उतरलात की काय? मेन स्विच बंद केला होता ना? आमच्या ओळखीत एक जण असाच भिजलेल्या मोटरजवळ गेला होता. वाचला, पण नशिबाने.

---

आगळवाला | सोमवार, ११:५५

मावशी, खरं सांगतो, उतरलो होतो. बायको बाहेरून ओरडली तेव्हा सुचलं. मेन बाहेरच्या भिंतीवर आहे म्हणून बरं. आता ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवायला वायरमनला सांगितलंय.

---

साधा_फिटर | सोमवार, १२:३०

नमस्कार. पंचवीस वर्षं डेअरी आणि ज्यूसच्या प्लँटमध्ये पाइप जोडतोय. स्टीलचं नंतर बघू. आधी चार गोष्टी सांगा.

त्या लाइनवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर आपोआप उघड-बंद होणारा) आहे का, आणि कधी बसवला? पाइप शेतीचा आहे की प्लंबिंगचा? वर काय छापलंय ते वाचा. गरम पाण्याची लाइन कुठे जवळ किंवा जोडलेली आहे का? निखळलेला एल्बो फेकला नसाल तर त्याच्या आत सोल्यूशनचा डाग किती खोलवर गेलाय ते पट्टीने मोजा.

फोटो टाकलात तर उत्तम.

---

देवगडचो_बाबू | सोमवार, १२:४४

खुर्ची टाकून बसलंय. आमच्याकडे आंब्याच्या कॅनिंगला दर मे महिन्यात हीच कथा.

---

निवृत्त_सर्व्हेयर | सोमवार, १३:१०

आगळवाले, पुसापुशी थांबवा आणि आधी फोटो काढा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली असेल, तिच्याशेजारी मोजपट्टी धरून. एल्बो पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. भिजलेला माल विमा कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत टाकायचा नाही. बाजूला रचा, यादी करा, खरेदीची बिलं काढा.

आगीचा विमा आहे ना? बहुतेकांना वाटतं तो फक्त आगीचा असतो. प्रमाणित फायर पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा ओसंडणं हे संकट नावानिशी लिहिलेलं असतं. पाच कोटींपर्यंतच्या छोट्या उद्योगांसाठी २०२१ पासून जी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आली, तिच्यातही ते आहे. मात्र महिनोन् महिने झिरपून झालेलं नुकसान म्हणजे झीज, त्याचे पैसे मिळत नाहीत. अचानक फुटलं आणि आधीपासून गळत होतं, या दोहोंत दाव्याचा निकाल लागतो. माझ्या नोकरीत यावरून झालेली भांडणं मोजली तर आयुष्य जाईल.

---

आगळवाला | सोमवार, १७:०५

विमा आहे, कळवलं. फिटरदादा, तुमची उत्तरं:

सोलेनॉइड आहे. मार्चमध्ये बसवला. टाकीत लेव्हलचा सेन्सर आहे, भरली की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. आधी हाताने कॉक फिरवायचो.

पाइप राखाडी, वर आयएस ४९८५ आणि ६ किलो (चौरस सेंटिमीटरला सोसणारा दाब) असं छापलंय. वाडीतल्या ठिबकच्या कामातून उरला होता.

गरम पाण्याची लाइन आहे. टाक्या धुवायला गरम आणि गार एका टीमध्ये (तीन तोंडांचा जोड) आणलंय, तिथून होज (लवचीक नळी) आणि टोकाला खटका दाबून चालवायची पाण्याची बंदूक. गरम टाकी सत्तर अंशांवर असते, तिचा पंप वेगळा. गारचा प्रेशर पंप तीन किलो दाब झाला की आपोआप कट-ऑफ होतो.

आणि एल्बो. सॉकेट २६ मिलिमीटर खोल, पाइपाचा डाग फक्त १२ वर. म्हणजे अर्धाही आत गेला नव्हता! प्लंबरला फोन केला तर उचलत नाही.

---

साधा_फिटर | सोमवार, २१:१५

उचलणार नाही. पण सगळं त्याच्या डोक्यावर टाकू नका. तीन वर्षं तो जोड टिकला ना? मार्चनंतर काय बदललं ते बघा.

हाताचा कॉक बंद व्हायला दोन-तीन सेकंद लागत. सोलेनॉइड डोळ्याची पापणी लवायच्या आत मिटतो. वाहतं पाणी असं एकदम अडलं की दाबाची लाट मागे फिरते. आम्ही त्याला वॉटर हॅमर म्हणतो. टाकी भरल्यावर ‘ठक्’ असा आवाज येत असेल. यायचा ना? याचं गणित झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांडलं. तुमच्या पातळ भिंतीच्या पीव्हीसीत सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी अडलं तर साधारण साडेतीन किलो दाब वाढतो. पंप तीन किलोवर, वरून हे साडेतीन. सहा किलोचा पाइप, आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा ठक्, ठक्.

आता स्टीलचं. स्टीलचा पाइप ताठ असतो, त्यात हीच लाट बारा-तेरा किलोंची होते. पाइप सोसेल, पण गॅस्केट, प्रेशर गेज आणि सोलेनॉइडच्या पडद्याला ते झेपेलच असं नाही. म्हणजे पाइप बदलून ठक् जात नाही, उलट मोठा होतो. आधी ठक् घालवा. सोलेनॉइडच्या जागी मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह घ्या, पाच-सहा सेकंदांत हळू बंद होणारा. पंपाजवळ रबरी फुग्याची छोटी प्रेशर टाकी बसवा. नुसता उभा पाइप हवेसाठी ठेवायची जुनी पद्धत आहे, त्यातली हवा काही दिवसांत पाण्यात विरते आणि मग त्याचा उपयोग शून्य.

गरम पाण्याचं उद्या लिहितो, बोटं दुखली.

---

द्राक्षमळा | सोमवार, २२:०२

फिटरकाका, गरम पाण्याचं मी सांगतो, आम्ही त्यात पोळलोय. नाशिककडे वाइनरीत मेंटेनन्सला आहे.

आगळवाले, तुमची मुलं धुणं झालं की काय बंद करतात? होजची बंदूक सोडून देतात, बरोबर? म्हणजे टोक बंद आणि मागचे गरम-गार दोन्ही कॉक उघडे. आता टीमध्ये दोन्ही लाइनी समोरासमोर. ज्याचा दाब जास्त, तो दुसऱ्याच्या घरात शिरतो. तुमचा गारचा पंप कट-ऑफ होऊन दाब जरा उतरला की गरम पाणी मागे गारच्या पीव्हीसीत जातं. त्या पाइपावरचं ६ किलो हे २७ अंशांचं आहे. पन्नासच्या आसपास पीव्हीसीची ताकद चाळीस टक्क्यांवर येते, साठच्या पुढे तो वापरायचाच नसतो. उद्या टीजवळचा पाइप हात लावून बघा आणि लांबून डोळा लावून सरळ आहे का ते पाहा.

दोन्ही बाजूंना एकेक एनआरव्ही (पाणी मागे फिरू न देणारा व्हॉल्व्ह) हवा. बंदुकीपेक्षा नळ बंद करायची सवय हवी. आमच्याकडे जानेवारी ते मार्च द्राक्षं येतात तेव्हा रात्रंदिवस धुणं चालतं. एका रात्री दाबात ठेवलेला होज फुगून क्लॅम्पमधून निसटला आणि तळघरात सापासारखा नाचला. तेव्हापासून प्रत्येक नळाच्या वर पाटी आहे: ‘बंदूक नाही, नळ!’

---

लातूरचा_जार | मंगळवार, ०७:४०

द्राक्षमळा +१.

मी पाण्याचे जार भरतो. आमच्या गावाला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाचेक लाख लिटर. ते पाहिलेल्या माणसाला रात्रभर वाहिलेल्या पाण्याचं वाचून झोप येत नाही. हिशेब करा: तुमच्या लाइनमधून सेकंदाला लिटरभर गेलं तरी तासाला ३,६०० लिटर.

माझा प्रश्न वेगळाय. पाइप निखळला, मान्य. पण रात्री पंप चालू कसा होता? प्रेशर पंप तुम्ही शनिवारी बंद करून गेला नव्हता का? आणि खालची टाकी रिकामी होऊन तो थांबला का नाही?

---

आगळवाला | मंगळवार, १३:२५

लातूरकर, नेमकं तिथेच दुखतंय.

शनिवारी दुपारी तीनला लाइट गेली. वाट बघून पाचला शटर ओढलं. पंपाचा स्विच चालूच राहिला. लाइट नसताना स्विच कोण बघतो? शेजारी म्हणतात रविवारी रात्री दोनला लाइट आली. आली तशी पंपाने सुरुवात केली. जोड सुटल्यामुळे तीन किलो दाब कधी झालाच नाही, म्हणून कट-ऑफही झाला नाही. खालची टाकी दहा हजारांची, ती तीनेक तासांत संपायला हवी होती, पण बोअरला ऑटो आहे. लाइट आली की बोअरची मोटर आपोआप चालू. वरून पंप ओततोय, खालून बोअर भरतेय. मी घरी घोरतोय.

आणि द्राक्षमळा, टीजवळचा पाइप धनुष्यासारखा वाकलाय. रोज त्याच्या खालून जायचो.

---

देवगडचो_बाबू | मंगळवार, १३:४०

बा देवा महाराजा, ह्या ऑटोवाल्याक सद्बुद्धी दी रे महाराजा!

---

लातूरचा_जार | मंगळवार, १३:४२

व्हय महाराजा! (आम्हालाही येतं.)

---

इतिहासखोर | मंगळवार, १६:१८

थोडं अवांतर, धागा पळवायचा हेतू नाही. १७ ऑक्टोबर १८१४. लंडनमध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या ब्रुअरीत बिअरचं बावीस फूट उंच लाकडी पिंप फुटलं. लाटेने मागची भिंत पाडली, पलीकडच्या गरीब वस्तीत बिअर शिरली, आठ जण गेले. फुटायच्या तासभर आधी पिंपाची एक लोखंडी पट्टी घसरलेली गोदामाच्या कारकुनाने पाहिली होती. वर्षातून दोन-तीनदा घसरायचीच, म्हणून कुणी घाबरलं नाही. नंतर दुरुस्त करू म्हणून चिठ्ठी लिहिली गेली.

आगळवाले, तुमच्या एल्बोने काही चिठ्ठी पाठवली नव्हती का?

---

आगळवाला | मंगळवार, २२:५०

दुपारपासून हा प्रतिसाद तीनदा वाचला.

पाठवली होती. पंधरा दिवस तिथून थेंब गळत होता. मीच सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली आणि खाली बादली ठेवली. बादली भरली की मुलगा ओतायचा. मूळ पोस्टमध्ये हे लिहिलं नाही, लाज वाटली.

सर्व्हेयरसाहेब, आता काय करू?

---

निवृत्त_सर्व्हेयर | बुधवार, ०८:३०

जे आहे ते सांगा. ट्यूबची पट्टी एल्बोला अजून चिकटलेली असेलच, ती काही लपणार नाही. थेंबांनी तुमची साखर भिजली नाही, भिजली ती जोड अचानक सुटल्यामुळे, असं तुम्ही म्हणू शकता आणि ते खरंही आहे. पण कंपनी ‘काळजी घेतली नाही’ म्हणणार. किती कापतील ते मी इथे बसून सांगणार नाही. खोटं लिहिलंत तर मात्र पूर्ण दावा जाईल.

---

कणकवलीची_सुगरण | बुधवार, ०९:१२

साखरेचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. दादा, पाक करून वापरू नका. पोत्यातून जमिनीवरचं पाणी आत गेलंय. त्यात गटाराच्या जाळीवरची घाण, चपलांची माती, मोटरचं ग्रीस, सगळं आलं. उकळून जंतू मरतील, ग्रीस मरत नाही. मी घरगुती सरबतं करते, माझा लायसन्स तुमच्याहून छोटा, पण असलं पोतं मी गेटच्या आत ठेवणार नाही.

---

कोल्हापुरी_गूळ | बुधवार, ०९:३०

एवढी साखर टाकायची म्हणजे जिवावर येतं हो. वरचा सुका भाग तरी?

---

कणकवलीची_सुगरण | बुधवार, ०९:३३

नाही म्हणजे नाही. ११ पोती म्हणजे साडेपाच क्विंटल गेली. एका बाटलीत बुरशी निघाली तर तुमचं नाव जाईल.

---

साधा_फिटर | बुधवार, २०:४०

सुगरणताईंशी सहमत. आता पोती, खोके पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब. अन्नाच्या कामाच्या नियमांतही तेच आहे. पॅलेट सहा इंचांचे घ्या, तुमचा उंबरठा तीनचा आहे हे लक्षात ठेवून. उंबरठा तोडू नका, पाऊस आत येईल. त्याऐवजी जमिनीचा उतार गटाराकडे आहे का ते बघा. बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जाऊन थांबतं ते पाहा. शंभराला एक तरी उतार हवा. जाळीच्या आत उचलून झटकता येईल अशी टोपली ठेवा, कोकमाची सालं तिच्यात अडकतील.

नवी लाइन: गार पाण्याला जाड भिंतीचा प्लंबिंगचा पाइप, शेतीचा नको. गरमला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं पीव्हीसी) किंवा स्टील. सीपीव्हीसी घेतलात तर दहा मीटर पाइप चाळीस अंशांनी तापल्यावर अडीच सेंटिमीटर वाढतो, त्याला वाढायला वळण द्या, क्लॅम्प आवळून मारू नका. पावसाळ्यात सोल्यूशन सुकायला वेळ लागतो. जोडल्यावर रात्रभर तरी पाणी सोडू नका, प्लंबर कितीही घाई करो. पाइप सॉकेटमध्ये घालण्याआधी त्यावर पेन्सिलने खोलीची खूण करायला लावा. जोडल्यावर खूण सॉकेटच्या तोंडाशी दिसली नाही तर तो जोड कापून काढा.

---

द्राक्षमळा | बुधवार, २१:१०

एक राहिलं. आगळ खारट आणि आंबट. ३०४ या नेहमीच्या दर्जाच्या स्टीलला मीठ चालत नाही, बारीक टाचणीएवढी भोकं पडतात, आणि गरम असेल तर तडे. आगळाची लाइन चुकूनही ३०४ ची करू नका, खाद्यदर्जाचं प्लॅस्टिकच बरं. आमच्या वाइनच्या टाक्यांचंही असंच, वाइन टिकवायला घातलेल्या सल्फाइटची वाफ वर जमते म्हणून टाकीचा माथा ३१६ चा (गंजाला जास्त टिकणाऱ्या स्टीलचा) घेतात. आणि हायपोक्लोराइटचे (क्लोरीनच्या जंतुनाशकाचे) कॅन जिथे ठेवता तिथे विणलेल्या तारेचे फ्लेक्सिबल पाइप असतील तर विणीवर गंज शोधा. वाफेने तार तुटते, आतला रबरी पाइप मग एकटा पडतो.

---

लातूरचा_जार | गुरुवार, ०६:५५

माझं सांगणं एकच. शटरच्या किल्लीच्या जुडग्यात मेन कॉकची किल्ली ठेवा. कुलूप लावता येणारा बॉल व्हॉल्व्ह मिळतो. कॉक बंद केल्याशिवाय त्याची किल्ली निघत नाही, आणि ती किल्ली हातात नसेल तर शटरला कुलूप पडत नाही, अशी सोय मी करून घेतली आहे. लाइट असो नसो. (आग विझवायची लाइन असेल तर ती यातून वगळा, ती कधीच बंद करायची नाही.)

टाकीचा ओव्हरफ्लो गटारात लपवू नका. लोकांना दिसेल असा सोडा, इनलेटपेक्षा एक साइझ मोठा. आमचा ऑफिसच्या खिडकीसमोर पडतो. फ्लोट अडकला की हिशेबनीस ओरडतो.

---

आगळवाला | तीन आठवड्यांनी, रविवार, ०९:००

मंडळी, काय काय झालं ते कळवतो. हळू बंद होणारा व्हॉल्व्ह बसला, ठक् गेला. इतका गेला की पहिल्या दिवशी टाकी भरली की नाही कळेना, बाई दोनदा झाकण उघडून बघून आल्या. एनआरव्ही दोन्ही बाजूंना. ‘बंदूक नाही, नळ’ची पाटी आम्ही मालवणीत लिहिली, इथे देता येणार नाही. पंपाला टायमर लावला, सलग वीस मिनिटं चालला की थांबतो आणि हाताने रीसेट केल्याशिवाय सुरू होत नाही.

बोअरचा ऑटो निघाला नाही. बोअर चुलतभावाबरोबर सामायिक आहे आणि त्याला त्याची माडाची झाडं दिसतात. म्हणून टाकीच्या इनलेटवर माझा वेगळा कॉक, तो आता शटरच्या जुडग्यात. विम्याचा माणूस येऊन गेला. ट्यूबची पट्टी दाखवली, त्याने फोटो काढला, काही बोलला नाही. साखर खड्ड्यात पुरली, वाडीतल्या मुंग्यांची दिवाळी.

आणि पाण्याचा मीटर बसवला. राखणदार रात्री दहाला आणि सकाळी सहाला आकडा लिहितो. परवा पहाटे तीनला त्याचा फोन: ‘दादा, कारखानो बंद, मीटर फिरता.’ मी म्हटलं झोप. तो म्हणाला, तुम्ही येवा. गेलो. मेन कॉक बंद होता, पण मीटर त्याच्या अलीकडे, आणि मधून एक फाटा बाहेरच्या संडासाला गेलाय हे मी साफ विसरलो होतो. फ्लशच्या टाकीचा वॉशर गेलेला. आठ तासांत ९० लिटर.

---

इतिहासखोर | रविवार, ०९:२०

राखणदाराला पगारवाढ द्या.

---

आगळवाला | रविवार, ०९:२६

त्याने आधीच मागितलीय. शिवाय बॅटरीवाला टॉर्चही.